नव्या फिश टँकमधला अमोनिया: एवढं पाणी बदलूनही मासे का मरतात?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन फुटी टँक आणून अकरा दिवस झाले. पहिल्याच संध्याकाळी दोन गोल्डफिश, चार मॉली आणि एक सकर सोडला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं, म्हणून सगळं पाणी काढून, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन टँक पुन्हा भरला. सहाव्या दिवशी परत तेच केलं. आठव्या दिवशी दोन मॉली गेल्या, दुकानदाराने निळं औषध दिलं, आणि आता उरलेले मासे पाण्याच्या वर तोंड काढून आहेत. पाणी तपासायचं किट अमोनिया ४ पीपीएम (लिटरला ४ मिलिग्रॅम) दाखवतंय आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-क्षारता, ८. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं मिसळलेलं पाणी येतं. "एवढी स्वच्छता ठेवूनही असं का होतं?" असं तुम्ही विचारलंय.

त्या स्वच्छतेमुळेच होतंय. ते कसं, हे खाली नीट सांगतो. पण मासे वर आलेले आहेत, तर आधी आज रात्रीचं बघू.

खाणं बंद करा. तीन दिवस एक दाणाही नको. मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. घरातल्या लहान मुलांना आणि आजी-आजोबांना हे पटवणं तेवढं अवघड जाईल, तर खाद्याचा डबा सरळ कपाटात ठेवा.

मग अर्धं पाणी बदला. अर्धं काढून नवं भरलं की ४ चं २ होतं. उद्या सकाळी पुन्हा अर्धं, की १. उद्या रात्री पुन्हा, की ०.५. मासे मधल्या वेळात भर घालत राहतील, त्यामुळे किटवर आकडा थोडा वर दिसेल, पण आज घडीला याहून वेगाने काम करणारं औषध बाजारात नाही. फक्त त्याआधी एक करा: टँकमध्ये जे पाणी ओतणार आहात त्याचाच अमोनिया एकदा तपासा. बोअरजवळ सेप्टिक टँक झिरपत असेल तर नळाचंच पाणी अर्धा-एक पीपीएम दाखवतं. मी हे एका शेजाऱ्याकडे डोळ्यांनी पाहिलंय. तो बिचारा महिनाभर पाणी बदलत होता आणि आकडा हलत नव्हता.

नवं पाणी बादलीत घेऊन त्यात अँटिक्लोरीनचे (क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे) थेंब टाका, ढवळा, मग ओता. टँकरवाले कधी ब्लीचिंग पावडर टाकतात, कधी नाही, आणि टाकली तर किती याचा काही नेम नसतो. म्हणून वास येवो न येवो, थेंब टाकायचेच. पाणी सकाळी किंवा रात्री भरा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. टँकमधल्या आणि बादलीतल्या पाण्यात दोन्ही हात बुडवा. फरक जाणवायला नको.

एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवा आणि फिल्टरची धार पाण्यावर पडेल अशी करा. हीटर असेल तर २५ वर आणा. निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, आता टाकू नका. ते बुरशीवर चांगलं आहे, पण ज्या जिवाणूंची तुम्हाला गरज आहे त्यांनाही मारतं. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवलीत तर निळेपणा दोन-तीन दिवसांत निघून जाईल.

इतकं झालं की शांतपणे पुढचं वाचा.

मासा जे प्रथिन खातो त्यातला नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि त्यातला बहुतेक विष्ठेतून जात नाही, कल्ल्यांतून पाण्यात जातो. श्वास घेता घेता सतत. म्हणजे टँक काचेसारखा चकचकीत दिसत असतानाही त्यात अमोनिया भरत असतो. त्याला रंग नाही, आणि या प्रमाणात वासही नाही. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असतं, शेवाळं आणि वनस्पती असतात, तळाच्या चिखलात जिवाणू असतात. तुमच्या दोन फुटी टँकमध्ये खडे आणि वरची रिकामी जागा सोडली तर जेमतेम ५० लिटर पाणी आहे.

आता खाद्याचा हिशोब बघा. साधारण ३५ टक्के प्रथिन असलेलं खाद्य माशाने खाल्लं, तर खाद्याच्या वजनाच्या सुमारे ३ टक्के एवढा नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात येतो. मत्स्यशेतीवाले हाच आडाखा वापरतात. म्हणजे एक ग्रॅम खाद्य, जे चहाच्या अर्ध्या चमच्याइतकं भरतं, ५० लिटरमध्ये ०.६ पीपीएमच्या आसपास भर घालतं. आणि तेच खाद्य न खाता खड्यांत जाऊन कुजलं तर त्यातला जवळजवळ सगळाच नायट्रोजन सुटतो, म्हणजे भर जवळपास दुप्पट. सकाळी मुलाने टाकलं, दुपारी आजीने, रात्री पाहुण्यांना दाखवायला तुम्ही, की दोन दिवसांत ४ पीपीएम सहज होतो.

बाहेर अमोनिया वाढला की माशाच्या रक्तातला अमोनिया कल्ल्यांतून बाहेर पडायला जागा राहत नाही. तो आतच साठतो. कल्ले सुजतात, लाल होतात, त्यांच्यावर चिकट थर येतो, आणि पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही. तुमचे मासे वर तोंड काढतायत ते यामुळे. पर अंगाला चिकटवून तळाशी बसणं आणि खाण्याकडे न फिरकणं हीसुद्धा याचीच लक्षणं आहेत.

हा अमोनिया जिरवणारे जिवाणू निसर्गात सगळीकडे असतात, तुमच्या नळाच्या पाण्यातसुद्धा थोडे असतील. एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशांना त्या मानाने बराच सोसतो. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू मातीतून वेगळे काढून दाखवले. पुढे बरीच वर्षं मत्स्यालयाच्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. १९९८ मध्ये होवानेक यांच्या संशोधनात दिसलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते काम नायट्रोस्पायरा करतात, आणि २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले. हे सांगण्याचं कारण, दुकानात बाटलीतून जे जिवाणू विकतात त्यातल्या पुष्कळ बाटल्यांवर अजून जुनंच नाव छापलेलं असतं.

या जिवाणूंच्या दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, ते फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना त्यासाठी बहुतेक वेळा दिवसभर लागतो. दोन, ते पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात: स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या नळ्यांवर, खड्यांवर, काचेवर. तुम्ही तिसऱ्या दिवशी स्पंज नळाखाली धुतलात तेव्हा जे काही चिकटायला लागलं होतं ते क्लोरीनच्या पाण्याने गेलं. सहाव्या दिवशी पुन्हा गेलं. टँक अकरा दिवसांचा असला तरी फिल्टरचं वय आज पाच दिवस आहे, आणि त्यातही निळं औषध पडलंय.

दुधासारखं पाणी झालं होतं ते वेगळ्या जिवाणूंमुळे. ते उरलेल्या खाद्यावर भराभर वाढतात आणि चार-सहा दिवसांत आपोआप ओसरतात. पाणी गढूळ दिसतं, प्राणवायू थोडा कमी होतो, म्हणून एअर पंप लावायचा आणि वाट बघायची. त्यासाठी टँक रिकामा करायचा नसतो. दर पंधरा दिवसांनी सगळं उपसून, खडे घासून, उन्हात वाळवून पुन्हा भरायची पद्धत आपल्याकडे घरोघरी चालत आलीय, दुकानदारही तेच सांगतात. माझ्या मते नवशिक्यांचे जेवढे मासे या पद्धतीने गेलेत तेवढे कुठल्याही रोगाने गेले नसतील.

आता विरजणाचं, म्हणजे जुन्या टँकमधले जिवाणू आणून आपल्या फिल्टरला लावण्याचं सांगतो, कारण तुमचा महिना वाचवणारी गोष्ट हीच आहे. ओळखीत कोणाचा सहा महिन्यांहून जुना टँक आहे का, ज्यात अलीकडे आजार आला नाही? त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर सिरॅमिक रिंग मागून घ्या. जुनं पाणी मागू नका, त्यात काही नसतं. तुकडा त्यांच्याच टँकच्या पाण्यात ओला ठेवून उघड्या डब्यात आणा आणि दोन तासांच्या आत तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. माझ्या टँकचा स्पंज बादलीत पिळला की बिनदुधाच्या कडक चहासारखं तपकिरी पाणी उतरतं. त्याला घाण वास येत नाही, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो. हा गाळ फिल्टर पाणी ओढतो त्या तोंडाशी सोडला तरी चालतो. पाणी थोडा वेळ गढूळ होईल, होऊ द्या. विरजण चांगलं लागलं तर आठ-दहा दिवसांत फरक दिसतो. काहीच मिळालं नाही तर चार ते सहा आठवडे धरा, आपल्याकडच्या उकाड्यात एखादा आठवडा कमी.

दुकानात मिळणाऱ्या बाटलीतल्या जिवाणूंबद्दलही सांगतो. काही चालतात, काही नाहीत, आणि तीच बाटली एकदा चालते, एकदा नाही. मे महिन्यात गोदामात आणि टेम्पोत भाजून निघालेल्या बाटलीत काय जिवंत राहणार? तारीख ताजी असेल आणि दुकानात थंड जागी ठेवलेली असेल तर घ्या, पण तिच्या भरवशावर पाणी बदलणं थांबवू नका. ओळखीच्याकडचा फुकट स्पंज मला केव्हाही जास्त खात्रीचा वाटतो.

रोजचं काम आता असं राहील. रोज ठरावीक वेळी, पाणी बदलण्याआधी, अमोनिया तपासायचा. तुमच्या पीएचला तो ०.५ च्या खाली ठेवायचा. वर गेला तर एक-तृतीयांश ते अर्धं पाणी त्याच दिवशी बदलायचं. फिल्टरला हात लावायचा नाही. स्पंज इतका भरला की धार मंदावली, तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलका दाबून परत लावायचा. चौथ्या दिवसापासून दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य.

तपासणी जरा काळजीने करा, कारण सगळे निर्णय त्या रंगावर होतात. काचेची छोटी बाटली टँकच्याच पाण्याने दोनदा विसळा. थेंब टाकताना औषधाची बाटली सरळ उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. पाच मिनिटं घड्याळ लावून थांबा. मग बाटली पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात रंग बघा, रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि हिरवा यांत फसगत होते. पिवळ्याकडून हिरव्याकडे जाणारं किट घ्या. एका प्रकारच्या किटमध्ये रंगहीन पाणी पिवळं-नारिंगी होतं. ते नेसलर पद्धतीचं, त्यात पारा असतो, आणि काही अँटिक्लोरीन टाकलेल्या पाण्यात ते खोटा आकडा देतं. नायट्रेटचं किट वापराल तेव्हा दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवल्याशिवाय थेंब टाकू नका, त्यातली पावडर तळाला बसलेली असते आणि नायट्रेट असूनही शून्य दिसतो.

आता पीएचकडे या, कारण तुमच्या बाबतीत खरी मेख तिथे आहे. किट जो आकडा दाखवतं त्यात दोन गोष्टी एकत्र असतात: अमोनिया आणि अमोनियम. अमोनियम माशांना फारसं बाधत नाही, घातक असतो तो अमोनिया. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण आकड्यातला फक्त ०.७ टक्के घातक रूपात असतो. पीएच ८ ला तोच ६.५ टक्के होतो, नऊपटींहून जास्त. म्हणजे तुमच्या ४ पीपीएममधला घातक अमोनिया ०.२६ होतो, आणि ०.०५ च्या पुढे कल्ले खराब व्हायला सुरुवात होते. तोच ४ पीपीएम कोकणात, जांभ्या दगडातल्या विहिरीच्या किंचित आम्ल पाण्यावर, पीएच ६.५ ला, ०.०१ सुद्धा भरत नाही. म्हणून "माझ्याकडे तर २ असूनही मासे मजेत आहेत" असं कोणी सांगितलं तर आधी त्याचा पीएच विचारा.

घाटावरच्या बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टमधून येतं, क्षार भरपूर. ताजं काढलेलं पाणी ७.४ दाखवेल, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तेच बादलीत एअर स्टोन लावून रात्रभर ठेवलं की ८ च्या पुढे जातं. तेव्हा पीएच मोजायचा तो ठेवलेल्या पाण्याचा.

मग पीएच खाली आणायचं औषध टाकू का, असा पुढचा प्रश्न येईल. टाकू नका. क्षारयुक्त पाण्यात तो दोन तास उतरतो आणि परत चढतो, आणि ही चढउतार माशांना अमोनियाइतकीच जड जाते. शिवाय आज तुम्हाला छळणारं हेच कठीण पाणी पुढे तुमच्या बाजूने उभं राहणार आहे. जिवाणू एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन जिरवताना पाण्यातली सात मिलिग्रॅमच्या आसपास क्षारता खातात. ती संपली की पीएच कोसळतो, आणि ६ च्या जवळ जिवाणूंचं काम जवळपास बंद पडतं. बोअरच्या पाण्यात हा साठा मुबलक असतो. आरओच्या पाण्यात जवळजवळ नसतोच. "शुद्ध" म्हणून नुसतं आरओचं पाणी टँकमध्ये भरण्याचा मोह म्हणून टाळा.

यात मी स्वतः सहा एंजलफिश घालवलेत. चार फुटी टँक, पाच वर्षं छान चाललेला. त्या वर्षी कामाच्या रगाड्यात पाणी बदलणं राहून गेलं आणि पातळी कमी झाली की वरून आरओचं पाणी घालत राहिलो. मासे खात होते, फिरत होते, पाणी स्वच्छ होतं. एका रविवारी सहज तपासलं तर पीएच ६ आणि अमोनिया किटच्या शेवटच्या गडद हिरव्यावर, ८. घाबरून अर्धं पाणी काढलं आणि बोअरचं भरलं. अमोनिया ८ चा ४ झाला, पण पीएच ७.८ वर गेला आणि जे अमोनियम निरुपद्रवी पडून होतं त्यातला चांगलाच हिस्सा घातक झाला. हिशोब केला तर घातक भाग अर्धा होण्याऐवजी तीसपट वाढला होता. संध्याकाळपर्यंत एकही एंजल उरला नाही. सगळ्यात मोठी मादी शेवटपर्यंत फिल्टरच्या धारेखाली तिरकी उभी होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. अशा जुन्या, दुर्लक्षित टँकमध्ये दिवसाला दहा टक्के, तेसुद्धा हळूहळू, एवढंच पाणी बदलायचं असतं. तुमच्याकडे टँकचं आणि नळाचं पाणी एकाच पीएचचं आहे, म्हणून तुम्हाला अर्धं बदलायला सांगतोय.

दुकानातून आणलेल्या पिशवीतही हेच घडतं. दूरच्या प्रवासातून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे त्यातला अमोनिया दबून असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनिया जागा होतो. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडा आणि जाळीने मासे लगेच टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. उघड्या पिशवीत तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका.

पुन्हा तुमच्या टँककडे. दोन-तीन आठवड्यांत एक दिवस अमोनिया खाली येताना दिसेल आणि तुम्हाला हायसं वाटेल. तेव्हाच नायट्राइट वर चढायला लागलेला असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही, रक्त तपकिरी पडतं. यावर साधं मीठ कामाचं आहे. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकला ५० ग्रॅम खडे मीठ, बादलीत विरघळवून दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून घाला. पाणी बदलाल तेव्हा जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ पुन्हा घालायचं. मात्र झिओलाइट आणि मीठ एकत्र नको. झिओलाइटचे खडे अमोनिया धरून ठेवतात, पण मीठ पडलं की सोडतात. माझा सल्ला, झिओलाइट घेऊच नका. ते अमोनिया हिरावून घेतं आणि जिवाणूंची वाढ लांबते.

वनस्पती मात्र जरूर आणा. हॉर्नवर्ट किंवा हायड्रिला, मुळं रोवायचीही गरज नाही. बाल्कनीतल्या मनी प्लांटची दोन-तीन लांब कांडं धुऊन, पानं बाहेर आणि मुळं पाण्यात, अशी टँकच्या कडेला अडकवा. वनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी लागतं, त्या थेट तेच उचलतात. अमोनिया बांधणाऱ्या बाटल्यांपेक्षा माझा भरवसा मनी प्लांटवर जास्त आहे.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागला, असं सलग आठवडाभर राहिलं की फिल्टर तयार झाला म्हणायचं. त्यानंतर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदललं की पुरे, नायट्रेट ४० च्या खाली ठेवण्याच्या बेताने. शेतीच्या भागातल्या बोअरमध्ये मुळातच नायट्रेट असतो, पिण्याच्या पाण्यासाठीची ४५ ची मर्यादाही काही ठिकाणी ओलांडलेली असते, म्हणून नळाचा नायट्रेट एकदा तपासून ठेवा. लाइट तासन्‌तास जाते अशी सोसायटी असेल तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप आणि त्यावर चालणारा स्पंज फिल्टर जोडीला असू द्या. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबलं की प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरायला लागतात. बऱ्याच तासांनी लाइट आली तर आधी तो डबा उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आतलं पाणी फेकून, स्पंज टँकच्या पाण्यात विसळून मगच सुरू करा.

माशांची संख्या हाही तुमच्याकडे प्रश्न आहे. ५० लिटरमध्ये दोन गोल्डफिशच जड आहेत. सकर काच साफ करतो म्हणून दुकानदार देतात, पण तो स्वतः भरपूर घाण करतो आणि वाढून फूटभराचा होतो. तो दुकानात परत करा. नदीत किंवा तलावात सोडू नका, देशातल्या कितीतरी तलावांत हे सकर माजलेत आणि मच्छीमारांची जाळी फाडतायत. मॉलींना तुमचं कठीण पाणी मानवतं. पुढे गोल्डफिशला मोठं घर मिळालं तर मॉली आणि गप्पींचा टँक तुमच्या पाण्यावर उत्तम चालेल.

हे वाचणाऱ्या कोणी अजून मासे आणले नसतील, तर आधी रिकामा टँक तयार करा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, इथे कामी येतो. बाजारचा मळका घेऊ नका, रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्या. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. ५० लिटर पाण्याला यातले ३० मिली घातले की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. फिल्टर चालू ठेवा, आकडा शून्याकडे आला की पुन्हा ३० मिली. घातलेला डोस २४ तासांत पूर्ण जिरून नायट्राइटही शून्य दिसला की मोठं पाणी बदलून दुसऱ्या दिवशी मासे आणा. नवसागर मिळाला नाही तर कच्च्या कोळंबीचा एक तुकडा पातळ कापडात बांधून टाकला तरी काम होतं, वास तेवढा सोसायचा.

दोन-तीन आठवड्यांनी तुमच्या गोल्डफिशच्या परांच्या कडा आणि पाठ काळी पडायला लागली तर घाबरून कुठलंही औषध टाकू नका. अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना गोल्डफिशला असे काळे डाग येतात. पाणी चांगलं राहिलं तर ते हळूहळू आपोआप जातात. आज रात्री पाणी बदलल्यावर आणि उद्या सकाळी बदलण्याआधी, असे दोन्ही आकडे पीएचसह लिहून ठेवा आणि मला कळवा.